माफीदारांचं राज्य

बॅस्टिल पडलं १४ जुलै १७८९ ला. त्याच्या दोन दिवस आधी पॅरिसचे लोक जकात नाके जाळत होते. शाळेच्या पुस्तकात किल्ला येतो, नाके येत नाहीत. मला मात्र नाक्यांचंच कुतूहल जास्त. पॅरिसभोवती सुमारे २४ किलोमीटरची भिंत नव्यानेच उभी राहिली होती. ती शत्रूसाठी नव्हती, तेवढी मजबूतही नव्हती. दारू, मांस, जळण, असं जे शहरात येईल त्यावरची जकात कुणी चुकवू नये, एवढ्यासाठी ती बांधली होती. दरवाजे मात्र ल्यदू नावाच्या नामांकित वास्तुकाराकडून, भलेथोरले खांब लावून, देवळासारखे करून घेतले होते. भिंतीच्या बाहेर वाइन स्वस्त आणि आत महाग, त्यामुळे रविवारी कामगारवर्ग प्यायला बाहेर जायचा आणि परत येताना त्या खांबांकडे बघत शिव्या घालायचा. १२ जुलैच्या रात्रीपासून यातले बहुतेक नाके पेटले.

मी महसूल खात्यात तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी सातबारे, फेरफार, पीक पाहणी आणि वसुलीच्या याद्यांत गेली. त्यामुळे फ्रेंच राज्यक्रांतीवरची पुस्तकं वाचताना माझी एक खोड आहे. भाषणं भराभर उलटते आणि कराचं प्रकरण आलं की चष्मा पुसून सावकाश वाचते. स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द मोठे आहेतच. पण गाव का पेटलं हे समजून घ्यायचं तर आधी विचारावं, वसुली कुणाकडून होती आणि माफी कुणाला होती?

क्रांतीच्या वेळी फ्रान्सची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या पुढे होती. समाज कायद्यानेच तीन वर्गांत वाटलेला: पहिला धर्मगुरूंचा, दुसरा सरदार-उमरावांचा आणि तिसरा उरलेल्या सगळ्यांचा. पहिले दोन मिळून शेकडा दोनसुद्धा भरत नव्हते. चर्चकडे देशातली सुमारे एक दशांश जमीन होती, उमरावांकडे साधारण पाव. तिसऱ्या वर्गात पॅरिसचा कोट्यधीश सावकारही आला आणि भाड्याने बैल आणून नांगरणारा कुळवाडीही आला. हे ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढे भांडण झालं ते गरीब आणि श्रीमंत असं सरळ झालं नाही.

मुख्य प्रत्यक्ष कराचं नाव ताय. उमराव त्यातून मोकळे, धर्मगुरू मोकळे, बरीच शहरंही मोकळी. चर्च राजाला दर काही वर्षांनी ‘ऐच्छिक देणगी’ द्यायचं आणि तिचा आकडा आपल्याच सभेत ठरवायचं. (अशी सवलत आमच्या एखाद्या खातेदाराला दिली असती तर तालुक्यात कुणीच सारा भरला नसता.) उमरावांना अगदी शून्य कर होता असं मात्र नाही. डोईपट्टी आणि उत्पन्नावरचा विसावा हिस्सा हे कर त्यांनाही लागू होते, पण आकारणी करणाऱ्या अधिकाऱ्याला जेवायला बोलावण्याची त्यांची ऐपत होती. शेवटी बोजा उतरायचा तो शेतकऱ्यावर.

ताय वसूल करायची पद्धत तर भलतीच. उत्तरेकडच्या बऱ्याच भागात गावावर एकरकमी आकडा टाकायचे आणि वसुली करायला गावातलेच लोक पाळीपाळीने नेमायचे. कुणावर किती बसवायचा हे डोळ्यांना काय दिसतं त्यावरून ठरे. ज्याचं घर बरं, ज्याच्या गोठ्यात एक जनावर जास्त, त्याचा आकडा वाढला. मग शहाणा शेतकरी काय करील? फाटकं नेसेल, छप्पर शाकारणार नाही. रूसोने आपल्या आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितला आहे. तरुणपणी तो पायी लिऑंकडे निघाला होता, भूक लागली म्हणून एका शेतकऱ्याकडे शिरला. त्याने साय काढलेलं दूध आणि जाडीभरडी जवाची भाकरी पुढे ठेवली. पाहुणा सरकारी माणूस नाही अशी खात्री पटल्यावर जमिनीतलं झाकण उघडून तो खाली उतरला आणि गव्हाचा पाव, मांस आणि वाइनची बाटली घेऊन वर आला. पाव लपवला होता तायच्या भीतीने, वाइन लपवली होती दारूवरच्या कराच्या भीतीने. पाहुण्याने पैसे देऊ केले तर ते घ्यायलाही तो घाबरला. पीक पाहणीला गेल्यावर विहिरीवरची मोटर गवताखाली झाकणारे लोक मी पाहिले आहेत, त्यामुळे तो शेतकरी मला अगदी ओळखीचा वाटतो.

मिठाची कथा याहून वाईट. मिठावरच्या कराला गाबेल म्हणत. पॅरिसच्या भोवतालच्या मोठ्या टापूत आठ वर्षांच्या वरच्या प्रत्येक माणसामागे वर्षाला साधारण साडेतीन किलो मीठ सरकारी वखारीतून, सरकारी भावाने घेणं सक्तीचं होतं. नको असलं तरी घ्यायचं. शिवाय ते फक्त जेवणासाठी; त्यातून डुकराचं मांस खारवलं तर गुन्हा, त्यासाठी वेगळं मीठ वेगळे पैसे देऊन घ्यायचं. ब्रिटनी प्रांत फ्रान्सला जोडला गेला तेव्हाच्या जुन्या कराराने या करातून सुटला होता. त्यामुळे ब्रिटनीच्या हद्दीवर नदीच्या अलीकडे मीठ एका भावाने आणि पलीकडे वीस पटीहून अधिक भावाने, असा प्रकार. तस्करी होणारच. माणसं, बाया, पोरं, एवढंच काय शिकवलेली कुत्रीसुद्धा मिठाच्या पिशव्या बांधून हद्द ओलांडत. पकडलेल्या पुरुषांना सक्तमजुरी. उमरावांना, मोठ्या अधिकाऱ्यांना आणि मठांना मात्र मीठ माफीच्या भावात घरपोच.

आणि हे सगळं राजा स्वतः वसूल करत नव्हता. मीठ, तंबाखू, जकात यांचा मक्ता श्रीमंतांच्या एका मंडळाला दिला होता. ते राजाला आगाऊ रक्कम भरत आणि मग आपल्या सशस्त्र शिपायांकडून लोकांकडून काढत. मधला फरक त्यांचा. पॅरिसच्या भिंतीची कल्पना मांडणाऱ्यांत या मक्तेदारांपैकी एक होता लॅव्हॉझिए. होय, तोच, प्राणवायूवाला. रसायनशास्त्राच्या पुस्तकात त्याचा शेवट एका वाक्यात उरकतात, जणू मूर्ख लोकांनी एक शास्त्रज्ञ मारला. ८ मे १७९४ ला त्याचं डोकं उडवलं ते इतर मक्तेदारांबरोबर, मक्तेदार म्हणूनच. मला ते योग्य वाटत नाही. पण ज्यांच्या घराची झडती मिठाच्या मडक्यापर्यंत झाली होती त्यांना प्राणवायूचं काय कौतुक असणार?

राजाचं झालं, आता जमीनदाराचं. फ्रान्सचा शेतकरी बहुतेक ठिकाणी भूदास राहिला नव्हता. तो जमीन विकत घेऊ शकत होता, मुलांना देऊ शकत होता, देशातली एक तृतीयांशाहून अधिक जमीन तो कसत होता आणि आपली म्हणत होता. पण त्या जमिनीवर जुन्या जहागिरीचे हक्क बसलेले असत. पिकाचा ठरावीक वाटा जहागीरदाराला. पिकाचा आणखी एक वाटा, नावाला दहावा आणि प्रत्यक्षात गावागणिक वेगळा, चर्चला. धान्य दळायचं जहागीरदाराच्याच चक्कीवर, पाव भाजायचा त्याच्याच भट्टीत, द्राक्षं पिळायची त्याच्याच घाण्यात, आणि प्रत्येक वेळी मोबदला द्यायचा. शिकारीचा हक्क फक्त उमरावांना. म्हणजे ससे आणि हरणं शेतात शिरली तरी हात लावायचा नाही. कबुतरखाना ठेवण्याचा मानही त्यांचाच. ती कबुतरं पेरलेलं बी टिपून खात आणि शेतकरी बांधावर उभा राहून बघे. क्रांतीच्या वेळच्या गावोगावच्या तक्रारींत कबुतरं पुन्हा पुन्हा येतात. तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत ती फारशी नाहीत.

आर्थर यंग हा इंग्रज शेतीतज्ज्ञ त्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये फिरत होता. १२ जुलै १७८९ ला, म्हणजे तिकडे नाके पेटत होते त्याच दिवशी, देशाच्या ईशान्येला एक लांब चढण आली. घोडीला आराम म्हणून तो उतरून चालू लागला आणि वाटेत एक बाई सोबतीला आली. बाई बोलकी होती. नवऱ्याजवळ जमिनीचा एक तुकडा, एक गाय, एक मरतुकडं घोडं आणि सात मुलं. एवढ्या मालमत्तेवर एका जहागीरदाराला मणभरापेक्षा कमीच पण ठरलेला गहू आणि तीन कोंबड्या, दुसऱ्या जहागीरदाराला ओट, एक कोंबडी आणि एक नाणं, आणि याशिवाय ताय आणि बाकीचे कर. थोड्या अंतरावरून पाहून यंगला ती साठ-सत्तरची वाटली होती. इतकी वाकलेली, चेहरा इतका सुरकुतलेला. तिने वय सांगितलं, अठ्ठावीस. ती म्हणाली की कुणी मोठी माणसं आमच्यासारख्यांसाठी काही करणार आहेत असं कानावर आलंय, कोण आणि कसं ते माहीत नाही, पण देव करो आणि बरं होवो, या करांनी आणि हक्कांनी आम्ही चिरडून गेलोय.

त्या बाईच्या हिशेबात मला दोन वेगळे जहागीरदार दिसतात. एकाच तुकड्यावर दोन धनी. यामागे एखादा जुना वाटप-कागद असणार, आणि तो कुणीतरी जपून ठेवलेला असणार.

हे कागद त्या काळात नव्याने उघडले जात होते. महागाई वाढली, व्हर्सायला राहण्याचा खर्च वाढला, तेव्हा अनेक जमीनदारांनी जुनी दप्तरं काढली. कुठला हक्क विसरला गेलाय, कुठली वसुली आजोबांच्या काळात बुडालीय, हे शोधायला पगारी जाणकार नेमले. हे लोक जमिनी मोजत, जुन्या सनदा वाचत आणि नव्या वहीत हक्क पुन्हा लिहून काढत. मग एक दिवस शेतकऱ्याच्या दारात मागच्या कित्येक वर्षांच्या थकबाकीची नोटीस यायची. पिकार्डी भागातल्या र्‍वा गावी हेच काम करणारा एक तरुण होता, फ्रान्स्वा-नोएल बाब्यफ. आमच्याच जातकुळीचा माणूस, रुमालात बांधलेल्या कागदांची धूळ खाणारा. जमीनदारांचे हक्क सिद्ध करून देता देता त्याच्या लक्षात आलं की यातले कितीतरी हक्क मुळात बळकावलेले आहेत. पुढे तो सांगायचा की उमरावांच्या लुटीचं गुपित मला त्यांच्याच दप्तरात सापडलं. तो पुन्हा येईल या लेखात.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग क्रांती झाली यात नवल काय? नवल आहे. हे सगळं शेकडो वर्षांचं होतं. शिवाय प्रशिया, पोलंड, रशिया या देशांत शेतकरी याहून कितीतरी दबलेला होता. रशियात तो जमिनीबरोबर विकला जात होता. मग तिथे नाही आणि फ्रान्समध्ये का? अलेक्सी द तोकविल याने १८५६ मध्ये आपल्या ग्रंथात हाच प्रश्न घेतला. तो स्वतः उमराव घराण्यातला. सोळाव्या लुईचा खटला लढवणारे आणि पुढे गिलोटिनखाली गेलेले मालझेर्ब हे त्याचे पणजोबा. तोकविल तूर शहरातल्या दप्तरखान्यात बसला, जुन्या महसुली अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार त्याने वाचला, आणि त्याला आढळलं की फ्रान्समध्ये जहागीरदारी खरं तर आधीच पोकळ झाली होती. पूर्वी जहागीरदार गावाचं रक्षण करी, न्याय करी, रस्ते बघे. आता ही सगळी कामं राजाच्या अधिकाऱ्यांकडे गेली होती. जहागीरदाराचं काम गेलं, वसुली राहिली. आणि शेतकरी आता स्वतः जमिनीचा मालक झाल्यामुळे त्याला प्रत्येक कोंबडी मोजून टोचत होती. भूदासाला सगळंच धन्याचं वाटतं. मालकाला आपल्या पोत्यातून गेलेलं दिसतं. मला तोकविलचं हे म्हणणं पटतं.

पण गावचा संताप कितीही असला तरी त्याने गढी जळते, राजसत्ता पडत नाही. राजसत्ता पडायला तिचं स्वतःचं दिवाळं निघावं लागतं, आणि इथे त्या माफ्या राजाच्याच गळ्याशी आल्या.

फ्रान्सने इंग्लंडवर सूड म्हणून अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात उडी घेतली. (त्याच वैराच्या राजकारणात सेंट ल्युबिन नावाचा एक फ्रेंच दूत १७७७ मध्ये पुण्याला नाना फडणवीसांच्या भेटीला आला होता आणि इंग्रजांची झोप त्याने उडवली होती.) युद्ध जिंकलं, पैसा मात्र सगळा कर्जाने उभा केलेला. १७८८ चा हिशेब पाहण्यासारखा आहे. जमा सुमारे ५० कोटी ३० लाख लिव्र. खर्च सुमारे ६२ कोटी ९० लाख. त्यातले जवळजवळ ३२ कोटी फक्त कर्जापोटी जायचे. राजदरबाराचा खर्च साडेतीन कोटींच्या आसपास, म्हणजे शेकडा सहासुद्धा धड नाही. राणी मारी आंत्वानेतच्या दागिन्यांनी देश बुडाला असं लोकांना वाटत होतं आणि आजही वाटतं. वहीत तसं दिसत नाही. गरिबांनी केक खावा असं ती म्हणाल्याचाही पुरावा नाही. देश बुडाला तो व्याजाने, आणि व्याज भरायला ज्यांच्याकडे पैसा होता त्यांच्याकडून तो घेता येत नव्हता म्हणून.

अर्थमंत्री कालोन याने १७८६ मध्ये राजाला साफ सांगितलं की आता एकच उपाय: जमिनीवर एकच कर, मालक कुणीही असो. अगदी साधी गोष्ट. जमिनीला जात नसते, आकार असतो. त्याने फेब्रुवारी १७८७ मध्ये देशातल्या १४४ मान्यवरांची सभा बोलावली. सरदार, बिशप, न्यायाधीश. ज्यांची माफी काढायची त्यांनाच विचारलं की काढू का! त्यांनी हिशेब मागितले, शंका काढल्या, दिवस घालवले. कालोनने धर्मगुरूंमार्फत लोकांना कळवलं की बड्या लोकांकडून कर घ्यायचाय आणि तेच अडवतायत. याने मान्यवर आणखी भडकले. एप्रिलमध्ये कालोनची नोकरी गेली. त्याच्यानंतर आलेल्या ब्रिएनने तोच कर थोडा बदलून मांडला. आता पॅरिसच्या उच्च न्यायसभेने तो नोंदवायला नकार दिला आणि नवा कर लावण्याचा अधिकार फक्त तीन वर्गांच्या प्रतिनिधींच्या सभेला आहे असं सांगितलं. ही सभा शेवटची भरली होती १६१४ मध्ये!

सोळावा लुई कायद्याने अनियंत्रित राजा होता. नोव्हेंबर १७८७ मध्ये न्यायसभेत कर्जाचा हुकूम नोंदवून घेताना कुणी हरकत घेतली, तेव्हा माझी इच्छा आहे म्हणून हे कायदेशीर आहे, अशा अर्थाचं तो बोलून गेला. आणि याच राजाला आपल्या उमरावाच्या शेतावर एक पैसा सारा बसवता येत नव्हता. त्याच्या आधीच्या राजांनी उमरावांची सत्ता काढून घेतली होती आणि बदल्यात त्यांना माफ्या, पेन्शनी आणि मान दिले होते. त्या सौद्यावरच हे राज्य उभं होतं. माफी काढली तर सौदा मोडतो, ठेवली तर तिजोरी. फ्रेंच क्रांतीची पहिली बंडखोरी वरच्यांनी केली हे आपण विसरतो. ऑगस्ट १७८८ मध्ये तिजोरीने काही देणी रोखीत चुकवणं थांबवलं आणि राजाला ती सभा बोलवावी लागली.

सभा १६१४ च्याच पद्धतीने, तीन वर्ग वेगळे बसून, भरवावी असा निवाडा न्यायसभेने सप्टेंबर १७८८ मध्ये दिला. वेगळे बसायचे म्हणजे प्रत्येक वर्गाला एक मत, आणि दोन वर्ग मिळून तिसऱ्याला कायम हरवणार. कालपर्यंत ज्या न्यायाधीशांचा लोक जयजयकार करत होते त्यांच्यावर एका दिवसात लोक उलटले. इथे शहरातला शिकलेला, पैसेवाला तिसरा वर्ग खडबडून उठला. वकील, व्यापारी, डॉक्टर. त्यांचं दुखणं कोंबडीचं नव्हतं, मानाचं होतं. १७८१ च्या एका हुकुमाने सैन्यात अधिकारी व्हायला चार पिढ्यांची खानदानी दाखवावी लागे. पैसा, शिक्षण, अक्कल सगळं असून दार बंद. जानेवारी १७८९ मध्ये सिएस या धर्मगुरूने तिसरा वर्ग म्हणजे काय असा प्रश्न विचारणारी पुस्तिका काढली. तिचं उत्तर थोडक्यात असं होतं की तिसरा वर्ग म्हणजेच राष्ट्र, आणि विशेष हक्कवाले म्हणजे राष्ट्राबाहेरचे.

मग राजाने एक असं काम केलं ज्याची कल्पना त्यालाही नसावी. जुन्या रिवाजाप्रमाणे त्याने सगळ्या देशाला आपल्या तक्रारी लिहून पाठवायला सांगितल्या. १७८९ च्या वसंतात गावोगावी पंचवीस वर्षांवरचे, कराच्या यादीत नाव असलेले पुरुष बहुधा चर्चमध्ये जमले आणि तक्रारवह्या लिहिल्या. अशा हजारो वह्या तयार झाल्या. त्यांतल्या काही शहरातल्या वकिलांनी पाठवलेल्या नमुन्यावरून उतरवलेल्या आहेत, हे त्या वाचल्या की कळतं. पण मध्येच नमुना सोडून गाव स्वतः बोलू लागतं. मीठ, चक्की, कबुतरं, ससे, रस्त्याची वेठ, आमच्या पाद्र्याला पोटापुरतं मिळत नाही आणि बिशप पॅरिसला राहतो. राजाबद्दल जवळपास सगळीकडे आदर आहे. राजाला घालवा असं कुणी म्हणत नाही. उलट राजाला खरं कळलं की तो करील, असा विश्वास आहे.

अर्ज लिहून घेण्याचं काम मी आयुष्यभर केलं. मनात कुढणारा माणूस एक असतो. चारचौघांत आपली तक्रार वाचून, तिच्यावर सही-अंगठा करून, पोच घेऊन घरी गेलेला माणूस दुसराच. तो पुढच्या आठवड्यात विचारायला येतो, साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं? फ्रान्समध्ये त्या वसंतात हा प्रश्न विचारायला सगळा देश तयार झाला. वरच्या चढणीवरच्या बाईला ‘मोठी माणसं काही करणार आहेत’ हे जे कानावर आलं होतं, ते यातूनच.

त्यात दुष्काळ. १३ जुलै १७८८ च्या गारपिटीने पॅरिसभोवतीचं उभं पीक झोपवलं, हिवाळा इतका कडक पडला की नद्या गोठल्या आणि चक्क्या बंद पडल्या. पॅरिसमध्ये चार पौंडी पाव आठ-नऊ सूंवरून चौदा-पंधरा सूंवर गेला. मजुराची दिवसाची कमाई वीस-तीस सू. बाकीचं गणित कुठल्याही घर चालवणाऱ्या बाईला करता येईल. एप्रिलच्या अखेरीला रेव्हियों नावाच्या वॉलपेपर कारखानदाराच्या घरावर, त्याने मजुरीबद्दल काही बोलल्याच्या अफवेवरून, जमाव चालून गेला आणि गोळीबारात बरीच माणसं मेली.

सभा ५ मे १७८९ ला व्हर्सायला भरली. उमराव जरीच्या पोशाखात, तिसऱ्या वर्गाला काळे साधे कपडे नेमून दिलेले. मत डोक्याप्रमाणे मोजायचं की वर्गाप्रमाणे, यावर दीड महिना गेला. १७ जूनला तिसऱ्या वर्गाने स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून जाहीर केलं, तीन दिवसांनी दालनाला कुलूप दिसलं तेव्हा जवळच्या टेनिसच्या आखाड्यात जमून राज्यघटना केल्याशिवाय पांगणार नाही अशी शपथ घेतली. फक्त एकाने सही करताना विरोध नोंदवला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ११ जुलैला लोकप्रिय मंत्री नेकरला राजाने काढलं, नाके जळाले, बॅस्टिल पडलं. आत कैदी फक्त सात होते. लोक तिथे गेले होते मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी.

मला पॅरिसपेक्षा त्यानंतरचे तीन आठवडे जास्त महत्त्वाचे वाटतात. जुलैच्या उत्तरार्धात खेड्यांत अफवा पसरली की उमरावांनी पेंढारी पाठवलेत, उभं पीक कापायला. घंटा वाजल्या, लोक विळे-कोयते घेऊन जमले. पेंढारी आलेच नाहीत. मग काही भागांत जमलेले लोक गढीकडे वळले. जॉर्ज लफेव्हर या इतिहासकाराने या ‘महाभया’चा गावागावातला माग काढला आहे. जमाव बऱ्याच ठिकाणी एकच गोष्ट मागायचा: हक्कांच्या वह्या. त्या दिल्या की अंगणात होळी, आणि अनेकदा मालकाच्या केसालाही धक्का नाही. आमच्याकडे १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली तेव्हाही असंच झालं होतं. शेतकऱ्याला वाचता येत नसेल, पण कुठला कागद जाळायचा हे त्याला बरोबर कळतं.

धूर व्हर्सायपर्यंत दिसला. ४ ऑगस्टच्या रात्री राष्ट्रीय सभेत उमरावच उठून आपले हक्क सोडू लागले. सुरुवात नोआय आणि एगियों यांनी केली. एगियों हा देशातल्या सर्वांत मोठ्या जमीनदारांपैकी. शिकार, कबुतरं, चर्चचा दशमांश, कराची माफी, सगळं पहाटेपर्यंत गेलं. लोक रडत होते, मिठ्या मारत होते. सकाळी उठून वकिलांनी मसुदा केला तेव्हा त्यात एक मेख निघाली. पिकाच्या वाट्याचे हक्क ही ‘मालमत्ता’ आहे, ती फुकट जाणार नाही. पुढे दर ठरला: शेतकऱ्याने रोख देण्याच्या वीस पट आणि धान्याच्या पंचवीस पट रक्कम एकदम भरावी आणि मोकळं व्हावं. ही रक्कम त्या बाईने कुठून आणायची? गावांनी ती भरलीच नाही आणि जुनी वसुलीही दिली नाही. चार वर्षं हे चाललं. दरम्यान राजा पळताना पकडला गेला, त्याच ईशान्येकडच्या मुलखात, राजेशाही गेली, २१ जानेवारी १७९३ ला त्याचं डोकं उतरलं. शेवटी १७ जुलै १७९३ च्या कायद्याने सगळे हक्क विनामोबदला रद्द झाले आणि उरलेले दस्तऐवज सरकारनेच जाळायचा हुकूम काढला. फ्रान्सच्या शेतकऱ्यापुरती क्रांती त्या दिवशी पूर्ण झाली, असं मी मानते.

त्या वर्षांत पॅरिसच्या सभेत टॉमस पेन नावाचा इंग्रज निवडून गेला होता. राजाला मारू नका, असं म्हणण्याची हिंमत त्याने दाखवली. माणसाच्या हक्कांवरचं त्याचं पुस्तक अर्ध्या शतकानंतर पुण्यात जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं. शेतसारा, भट आणि कुळकर्णी यांच्या कचाट्यातल्या शेतकऱ्यावर त्यांनी पुढे जे लिहिलं, ते वाचताना मला माझ्याच खात्याचे पूर्वज पानोपानी भेटतात आणि अवघडल्यासारखं होतं.

सगळ्यांनाच सारखं मिळालं नाही. चर्चच्या जमिनी लिलावात निघाल्या त्या ज्यांच्याजवळ रोख होती त्यांनी घेतल्या. कित्येक ठिकाणी शहरी व्यापारी आणि बडे शेतकरी. १७९१ च्या घटनेत मत द्यायला तीन दिवसांच्या मजुरीइतका कर भरणं आवश्यक होतं, आणि बायकांना तर मत नव्हतंच. बाब्यफने १७८९ मध्येच एक पुस्तक लिहून कायमस्वरूपी जमीनमोजणी आणि एकच कर सुचवला होता. पुढे तो मोजणीवर थांबला नाही, जमीन सर्वांची असली पाहिजे असं म्हणू लागला. १७९६ मध्ये कटाच्या आरोपाखाली त्याला धरलं आणि मे १७९७ मध्ये क्रांतीतूनच जन्मलेल्या सरकारने त्याला गिलोटिनवर चढवलं. नेपोलियनने १८०७ मध्ये देशभर मोजणी सुरू केली, ती पूर्ण व्हायला चाळीसेक वर्षं लागली. त्या नकाशांत जुन्या उमरावाचं रान आणि कोंबड्या देऊन थकलेल्या बाईचा तुकडा यांना ओळीने गट नंबर पडले, मालक कोण हे न बघता एकाच नियमाने आकारणी झाली. जमीन वाटून द्यावी या बाब्यफच्या मागणीसाठी त्या नोंदवहीत रकाना नव्हता.